तुझ्या मापाचे बूट

४ मार्च, दुपारी
पहिली धर्मशाळा

धाकटे,

बाबा आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे पाकिटावरचं माझं अक्षर बघून काळजात धस्स झालं असेल तर निवळेल. माझं अक्षर तुला नवीन नाही म्हणा. बाबांचा हात थरथरायला लागल्यापासून तीन वर्षं त्यांची पत्रं मीच लिहिते. पण ती त्यांची. ते सांगायचे, मी लिहायचे. हे पत्र माझं आहे. नऊ वर्षांतलं पहिलं.

मी यात्रेच्या वाटेवर निघालेय. हसलीस ना? हस. दुकान ते चौक आणि चौक ते दुकान एवढंच जिचं जग, ती बाई बावीस दिवसांची वाट चालणार! आपल्या दुकानासमोरून निघणारे लोक आपण जन्मभर पाहिले. बाबांनी चाळीस वर्षं त्यांच्या पायांत बूट घातले, मी वीस वर्षं त्या बुटांचे तळ शिवले, आणि गावाबाहेरचा खुणेचा पहिला दगड आपल्या घरातल्या कोणीही ओलांडला नव्हता. काल मी ओलांडला. विशेष काही वाटलं नाही. टाच दुखत होती.

वाट सातशे वर्षांची आहे म्हणतात. इथल्या पायऱ्या बघून मला ते पटलं. धर्मशाळेच्या दाराशी सात पायऱ्या आहेत. आपल्या धंद्यातल्या माणसाला झीज वाचता येते. माणूस भिंतीला हात टेकून उतरतो, म्हणून भिंतीकडची बाजू जास्त खोल. आणि सगळ्यात खोल शेवटची पायरी, कारण दमलेला माणूस तिथे पाय टाकत नाही, आपटतो. सातशे वर्षं सगळे तसेच आपटत आलेत. मीही आपटला.

इथे आल्या आल्या धर्मशाळेचे व्यवस्थापक एक जाडजूड वही पुढे करतात. नाव, गाव, धंदा, आणि शेवटचा रकाना ‘कोणाच्या वतीने’. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाले, बाई, ही या वाटेची सगळ्यात जुनी चाल. आजारी माणूस, अंगावर पाजणारी बाई, राज्यकारभारात अडकलेला सरदार, ज्याला निघता येत नसे तो आपल्या जागी दुसऱ्याला चालायला पाठवी. पाय एकाचे, पुण्य दुसऱ्याचं. चालणाऱ्याने जेवायचं त्याच्या नावाने, झोपायचं त्याच्या नावाने.

“आणि फोड?” मी विचारलं. “फोड कोणाच्या नावाने येतात?”

गृहस्थ हसले नाहीत. त्यांना रोज कोणीतरी हे विचारत असेल. मी वहीत लिहायचं ते लिहिलं. काय लिहिलं ते तुला सांगायलाच हवं असं नाही.

हवापालट म्हणून आलेय. दुकान बंद आहे, बाबांकडे शेजारच्या शिंपीणकाकू बघतात. बूट नवे आहेत, जरा चावतात. बाकी ठीक.

ताई


९ मार्च, सकाळी
पुलाजवळची धर्मशाळा

धाकटे,

आधीचं पत्र अजून माझ्या पिशवीतच आहे. टाकीन.

काल एक माणूस बरोबर चालायला लागला. निवृत्त पोस्टमन आहे. चौतीस वर्षं पत्रं वाटली, आणि आता पायांना सवय सुटेना म्हणून या वाटेवर आलाय. दुपारी झाडाखाली बसले असताना म्हणाला, “ताई, तुम्ही ते पाकीट बाहेर काढता, पत्ता वाचता आणि परत पिशवीत ठेवता. वाटेत तीन पेट्या लागल्या.” मी म्हटलं, तुम्ही माझ्या पेट्या मोजू नका, तुमची पावलं मोजा. तर म्हणाला, “माझा धंदाच तो होता.” भारी आगाऊ माणूस आहे. पण त्याच्याकडे फोडांवर लावायचं मलम आहे, म्हणून मी तोंड सांभाळून बोलते.

फोड सहा आले. डाव्या पायाला चार, उजव्याला दोन. चांभाराच्या मुलीला फोड! बाबांना कळलं तर हसून हसून खोकला लागेल.

त्याचं कारण आता सांगूनच टाकते. हे बूट माझे नाहीत. तुझे आहेत.

गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर बाबांनी कपाटातलं ते तपकिरी चामडं काढलं, जे ते कुणालाच देत नसत. मला म्हणाले, “काप.” कोणासाठी, ते सांगितलं नाही. मी टेबलावरचा पायाच्या आकाराचा लाकडी फर्मा उचलून बघितला. तुला आठवतं ना, आपल्या दोघींच्या पायांचे फर्मे शेजारी शेजारी असायचे, तुझा अरुंद, माझा पसरट. हा पसरट होता. चवड्यावर चामड्याच्या चकत्या चिकटवून रुंद केलेला होता, पण फर्म्याला चकत्या आपण नेहमीच लावतो. फर्म्याच्या तळाला खूण कोरलेली असते, ती बघायची. धंद्यातला पहिला धडा. नवशिकासुद्धा उलटा करून बघतो. मी बघितलं नाही. मला बघायचं नव्हतं, असं आता वाटतं. वीस वर्षं त्यांच्या शेजारी बसले, त्यांनी मला कधी स्वतःच्या हाताने बूट केले नाहीत. माझे मीच करायचे, उरलेल्या तुकड्यांतून. मला वाटलं, आता हात चालेनासे व्हायच्या आत त्यांना माझी आठवण झाली.

दीड महिना मी त्यांच्याबरोबर ते बूट शिवले. त्यांचा हात थरथरायचा, म्हणून अवघड टाके मी घालायचे. घालताना गुणगुणायचेसुद्धा. स्वतःलाच भेट द्यायची आणि स्वतःच ती शिवायची, यात मला मजा वाटत होती. किती वेडी बाई!

बूट झाले, बाबांनी त्यातून फर्मा काढला, आणि मी तळाची खूण बघितली. चिमणी. तुझ्यासाठी लहानपणी कोरलेली.

“नऊ वर्षांत तिचा पाय पसरला असेल,” बाबा म्हणाले. “या वयात पसरतो. म्हणून पुढे जागा सोडलीय.”

कळलं का तुला? नऊ वर्षं न बघितलेल्या तुझ्या पायाचं वय ते बसून मोजत होते. माझे पाय रोज त्यांच्या समोर होते, आणि त्यांना माझं माप सांगता आलं नसतं. त्या दिवशी माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी चहा टाकला, त्यांना दिला, स्वतः घेतला, दुकान झाडलं, आणि कोणाला काही कळू दिलं नाही. पण पोटात जे दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

आता पुढचा प्रश्न तू विचारशीलच, तुझे बूट माझ्या पायात कसे. ते नंतर.

ताई


१४ मार्च, संध्याकाळी
वाटेवरच्या जुन्या मठात

धाकटे,

आज एक भानगड झाली. एका वस्तुसंग्रहालयातल्या बाईंशी मी जुन्या बुटांवरून भांडले.

मठाच्या मागच्या दोन खोल्यांत ते संग्रहालय आहे. बाहेर ऊन होतं, पोस्टमन म्हणाला सावली आहे, चला, म्हणून गेले. काचेच्या पेटीत एक जोड ठेवलाय. विहिरीचा गाळ उपसताना सापडला, साडेसहाशे वर्षांपूर्वीचा. ओल्या चिखलात चामडं टिकतं, हे बाबा सांगायचे, मला थापा वाटायच्या. काळं पडलेलं, सुकून सुरकुतलेलं, पण टाके स्पष्ट दिसतात. मेणाचा दोरा, आरीने पाडलेली भोकं, अगदी आपल्यासारखीच. ज्याने शिवला तो उजव्या हाताने शिवणारा होता आणि घाईत होता. मी पेटीला नाक लावून उभी राहिले, आणि मला एकदम दुकानाचा वास आला. म्हटलं तर खोटं वाटेल, पण डोळे भरून आले.

खाली पाटी: ‘यात्रेकरूचे पादत्राण’.

मी त्या बाईंना म्हटलं, पाटी चुकलीय. एका यात्रेकरूचे नाहीत, दोघांचे आहेत.

बाई चष्म्यावरून बघायला लागल्या. मी सांगितलं, टाचेची बाहेरची बाजू झिजून भोक पडलंय, त्यावर ठिगळ लावलंय. बरोबर? म्हणजे हा माणूस बाहेरच्या कडेवर भार टाकून चालायचा. त्याच बुटाने तो पुढे चालला असता तर ठिगळही तिथेच झिजलं असतं. ठिगळ कोरं आहे. त्यानंतरची सगळी झीज चवड्याच्या आतल्या बाजूला. ठिगळ लावल्यावर बुटात पाय बदलला.

“मोठे अभ्यासक येऊन गेले,” बाई म्हणाल्या. “त्यांचं म्हणणं, आजारपणामुळे एकाच माणसाची चाल बदलली.”

“चाल बदलेल. अंगठा बदलेल का? आतला तळ बघा. अंगठ्याचे दोन खळगे आहेत, एक पुढे, एक मागे. आजारी पडून कोणाचा पाय लांब होत नाही.”

बाईंनी किल्ल्या आणल्या, पेटी उघडली, विजेरी मारली. बराच वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, “तुम्ही काय करता?” मी म्हटलं, बूट शिवते. त्यांनी मला आतल्या खोलीत खुर्ची दिली. धाकटे, तुला रोज कोणी ना कोणी खुर्ची देत असेल, तुझं त्या मोठ्या कारखान्यात नाव आहे, तू कागदावर बूट काढतेस आणि यंत्रं हजारोंनी ते करतात. मला ही पहिलीच. मनात आलं, धाकटीने हे बघायला हवं होतं.

मग बाईंनी मठाच्या जुन्या दप्तरातल्या एका तक्रारीची नक्कल वाचून दाखवली. साधारण त्याच काळातली. दोन भाऊ वाटेवर निघाले. थोरला यात्रेकरू, धाकटा फक्त गाठोडं उचलायला. इथे पोचल्यावर थोरला तापाने पडला. धाकट्याने त्याचे बूट घातले, आणि त्याच्या वतीने शेवटपर्यंत चालत जाऊन आला. घरी परतल्यावर सगळा गाव थोरल्याला सामोरा गेला, कारण वहीत नाव त्याचं. धाकटा तसाच उलट पावली मठात आला आणि मठाधिपतीसमोर उभा राहिला. म्हणाला, वाट मी चाललो, तर पुण्य माझं. थोरला म्हणाला, माझ्या वतीने चालला, तर माझं. साक्षीदार झाले, शपथा झाल्या.

“आणि निकाल?” मी जवळजवळ ओरडलेच.

“पुढचं पान कसरीने खाल्लं.”

अशी चीड आली मला! साडेसहाशे वर्षं जपलं, आणि नेमकं तेच पान! बाई हसल्या. ते हेच बूट असतील असं त्या म्हणणार नाहीत म्हणे, पुरावा नाही. मी म्हणते. मी डोळ्यांनी बघितलं. “तुम्ही काय निकाल दिला असता?” त्यांनी विचारलं.

“यात विचारायचं काय? ज्याचे फोड त्याचं पुण्य.”

पोस्टमन शेजारी होता. माझ्या पायांकडे बघत होता.

ताई


१७ मार्च, दुपारी
घाटाखालचं खेडं

धाकटे,

आज तुझ्या नावाने बोटं मोडत चढ चढले.

दर रविवारी मी शिंपीणकाकूंना फोन करते. या रविवारी लागलाच नाही, आज लागला. मी विचारलं, बाबा कसे आहेत? काकूंनी आधी नेहमीचं सांगितलं, पेज घेतली, औषध घेतलं. हो, तुला ठाऊक नाही. जानेवारीत त्यांना झटका आला. दुसरा. उजवी बाजू गेलीय, अंथरुणावरच असतात. डॉक्टर म्हणाले, तिसरा कधीही येऊ शकतो. हे मी तुला आधीच्या पत्रांत लिहिलं नाही. ‘बाबा आहेत’ एवढंच लिहिलं. ते खोटं नाही.

मग काकू म्हणाल्या, “रोज सकाळी विचारतात गं, धाकटी कुठवर पोचली?”

मला वाटलं काकूंची जीभ घसरली. म्हटलं, थोरली म्हणायचंय तुम्हाला.

“नाही गं. ते धाकटीच म्हणतात. धाकटी आली, बूट घातले आणि वाटेला लागली, असं त्यांनी मनात धरलंय. मी दोनदा सांगितलं, अहो थोरली चालतेय. तर म्हणाले, थोरली दुकानात असेल, तिला आवाज द्या.”

फोन ठेवला आणि तिथेच कट्ट्यावर बसले. धाकटे, पाय माझे सोलवटले. चौदा दिवस मी चालले. आणि त्यांच्या डोक्यात चालतेयस तू! मी आपली दुकानात. चौदा दिवस मला हाका मारून घसा कोरडा करतायत, आणि मी का येत नाही याचं त्यांना वाईटही वाटत नाहीये, कारण मी आतल्या खोलीत काहीतरी करत असेन. मी नेहमीच आतल्या खोलीत काहीतरी करत असते.

तू चार वर्षांची असताना त्यांच्या मांडीवर बसून आरीशी खेळायचीस, आणि मी तेव्हा नऊ वर्षांची, दोऱ्याला मेण लावत बसलेली. ‘हात सांभाळ सोन्या’ असं तुला म्हणायचे. मला म्हणायचे, ‘मेण नीट लाव’. तू कामाला कधी बसली नाहीस, तर ‘तिचं डोकं वेगळं आहे’. मी बसले, तर त्यात काय, थोरली बसणारच. तू त्या कारखान्यात गेलीस तेव्हा मी तुला दारात म्हटलं होतं, ‘यंत्राचे बूट करायला चाललीस, आता या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस.’ सगळ्यांना वाटलं, थोरलीला धंद्याचा अभिमान. अभिमान कसला डोंबलाचा! तू गेल्यावर निदान ते माझ्याकडे बघतील, एवढंच होतं माझ्या मनात. बघितलं नाही. तुझे फोटो टेबलावर टाचून ठेवले आणि त्यांच्याकडे बघत शिवत राहिले.

मला तुझा हेवा वाटतो. लिहून टाकलं. चाळिशी उलटली माझी, आणि अजून वाटतो. लाज वाटते का? नाही वाटत. दमले मात्र.

पोस्टमन पाणी घेऊन आला. मी त्याला सगळं भडाभडा सांगितलं, वहीतलंसुद्धा. ‘कोणाच्या वतीने’ या रकान्यात मी प्रत्येक धर्मशाळेत ‘स्वतःच्या’ असं लिहीत आलेय. बाबांनी पाठवताना डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, “धाकटीला वेळ नाही म्हणते ना, मग तू चाल तिच्या जागी. तिचेच बूट घाल. सगळं तिला लागू दे.” मी हो म्हटलं होतं. आणि वाटेवर ते चोरत आले.

पोस्टमन म्हणाला, “त्या धाकट्या भावाने तरी उघडपणे भांडून मागितलं.”

मी म्हटलं, तुम्ही त्याच्या बाजूचे की थोरल्याच्या?

“मी तापातल्या माणसाचा विचार करतोय,” तो म्हणाला. “पडल्या पडल्या त्याला काय ठाऊक, बाहेर काय चाललंय?” आणि मग अगदी साध्या आवाजात विचारलं, “तुमची बहीण वेळ नाही म्हणाली, ते पत्र केव्हा आलं होतं?”

चौतीस वर्षं पत्रं वाटलेल्या माणसासमोर खोटं बोलणं सोपं नाही गं. मी उठले आणि चालायला लागले.

ताई


१८ मार्च, सकाळी
घाटमाथा

धाकटे,

ते पत्र आलंच नव्हतं.

आता सगळं लिहिते, मध्ये थांबले तर पुन्हा जमणार नाही.

बूट झाले त्या दिवशी बाबा म्हणाले, कागद घे, धाकटीला लिही. मी कागद घेतला. त्यांनी सांगितलं ते शब्दन् शब्द मला पाठ आहे. ते असं होतं:

‘सोन्या, तुझे बूट झाले. पाय पसरला असेल म्हणून पुढे जागा ठेवलीय. तू दहा वर्षांची असताना मी तुला कबूल केलं होतं, आपण दोघं मिळून ही वाट चालू. चाळीस वर्षं दुसऱ्यांना पाठवण्यात गेली, मला आता जमायचं नाही. तू चाल. आणि चालून झालं की घरी ये. मी तुझ्यावर रागावलो नाही. कधीच नव्हतो. तुझा आवाज ऐकावासा वाटतो. इकडची काळजी करू नकोस, ताई सगळं बघते. ताईची काळजी नको.’

मी लिहिलं: ‘तब्येत बरी आहे. थंडी सुरू झाली. कामात लक्ष दे. बाबा.’

त्यांना वाचून दाखवताना त्यांचंच वाचून दाखवलं. डोळे अधू झालेत, त्यांना कागद दिसत नाही. पाकीट त्यांच्यासमोर बंद केलं.

त्या पत्रातलं ‘सोन्या’ मला बोचलं नाही असं नाही, पण खरं बोचलं ते शेवटचं वाक्य. ताईची काळजी नको. माझी वीस वर्षं त्यांनी एवढ्यात आटपली, आणि तीही तुला निर्धास्त करण्यासाठी.

हे काही पहिल्यांदा केलं नव्हतं मी. तीन वर्षं करत होते. ते ‘सोन्या’ म्हणायचे, मी तुझं नाव लिहायचे. ते म्हणायचे ‘आठवण येते’, मी लिहायचे ‘सर्व क्षेम’. तुला वाटलं असेल, बाबा म्हातारपणी कोरडे झाले. ते झाले नाहीत. मी त्यांना कोरडं केलं.

आणि तुझी पत्रं. डिसेंबरपासूनची चार. ती माझ्या पेटीत, चामड्याच्या तुकड्यांखाली आहेत. बाबांना वाचून दाखवली नाहीत. ते विचारायचे, आलं का काही? मी म्हणायचे, नाही. महिनाभर गेल्यावर म्हटलं, आलंय, तिला वेळ नाही म्हणते. त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. नंतर तीन दिवसांनी झटका आला. मी डॉक्टरांना विचारलं, एखाद्या गोष्टीने धक्का बसून असं होतं का? ते म्हणाले, वय झालंय, कशानेही होतं. मी त्यावर पुढे विचारलं नाही.

शेवटच्या पत्रात तू लिहिलं होतंस, ‘ताई, हे बाबांना दाखवू नकोस. खरं सांग, कसे आहेत? मी येऊ का? तू म्हणालीस तरच येईन.’ खाली फोन नंबर होता. तो मी फाडून चुलीत टाकला. उत्तर मीच लिहिलं, बाबांच्या नावाने, ‘येण्याची दगदग करू नकोस.’ आता तो नंबर हवा होता. पत्ता पाठ आहे, नंबर नाही.

काल घाट चढताना त्या दोन भावांचाच विचार करत होते. मी त्या गाठोडंवाल्याच्या बाजूने केवढी तावातावाने बोलले होते! पण त्याने थोरल्याला ताप आणला नव्हता. मी तर तुला घरातून उचलून बाहेर ठेवलं, आणि मग तुझ्या जागी उभी राहून ओरडले की बघा, मी एकटीच आहे इथे.

आज सकाळी पुन्हा फोन केला. काकू म्हणाल्या, रात्री ताप होता, डॉक्टर येऊन गेले, आता गुंगीत आहेत. मधूनच डोळे उघडतात आणि दाराकडे बघतात. मी घाटाखालून जाणारी गाडी पकडून आज घरी निघतेय. वाट सात दिवसांची राहिली, राहू दे. कोणाच्या नावाने राहिली तेही राहू दे.

आधीची चार पत्रं या पाकिटातच घालते. त्यांत मी जिथे जिथे ‘ठीक’ लिहिलंय, तिथे खोटं आहे असं समज. पोस्टमन खाली तालुक्याच्या गावी जाऊन हे जलद टपालाने टाकणार आहे. त्याने पाकीट हातात घेतल्यावर मी परत ओढलं. त्याने सोडलं नाही. दोघं दोन बाजूंनी पकडून उभे. मग मी म्हटलं, थांबा, शेवटचं थोडं राहिलंय. म्हणून हे लिहितेय, तो पुढ्यात उभा आहे.

नीट ऐक. दार मी उघडेन. माझ्याकडे बघून रडू नकोस, हसूही नकोस, मला दोन्ही सोसणार नाही. तुला मला जे बोलायचं असेल ते नंतर बोल, चार माणसांत बोललीस तरी चालेल. आधी सरळ आत जा. डाव्या बाजूला बस, उजव्या कानाने त्यांना काही ऐकू येत नाही. हात डावाच धर. ते तुला ‘सोन्या’ म्हणतील. जीभ जड झालीय, पण तो शब्द त्यांना स्पष्ट येतो. काकू म्हणतात, काल रात्रीच्या तापापासून तोच तेवढा येतो.

ते म्हणतील तेव्हा मी खोलीत नसेन. मला ते बघवणार नाही. मी सुधारलेय, शहाणी झालेय असं काही समजू नकोस. तू उंबऱ्यात दिसलीस की माझ्या पोटात पुन्हा तेच दुखणार आहे, मला आताच ठाऊक आहे.

तरी ये. हे बाबांनी सांगितलेलं नाही, धाकटे. हे मी म्हणतेय. ये.

ताई